फळवाघळांची वीण : सगळा हिशेब दुधाचा

प्रश्न थोडक्यात असा : झाडावर उलटी लटकणारी फळवाघळं वर्षातून किती वेळा वितात, एका वेळी किती पिल्लं होतात, पिल्लू आईच्या अंगावर किती दिवस असतं, आणि ते झाडाखाली पडलेलं आढळलं तर काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. एका वेताला एकच पिल्लू. जुळी होतात, पण क्वचित. दोन्ही जगणं त्याहून क्वचित. टेरोपस प्रजातीतली मोठी वाघळं, ज्यांना आपण फ्लाइंग फॉक्स म्हणतो, ती वर्षातून एकदा वितात. आखूड नाकाची छोटी फळवाघळं आणि गुहांत राहणारी रुसेटस ही बहुतेक ठिकाणी दोनदा वितात. भारतीय उपखंडातल्या मोठ्या वाघळाचं पिल्लू पहिले तीनेक आठवडे आईला चोवीस तास चिकटून असतं, साधारण अकराव्या आठवड्यात उडू लागतं आणि पाच महिन्यांच्या सुमारास दूध सोडतं. पडलेल्या पिल्लाला उघड्या हाताने शिवायचं नाही, आधी ऊब द्यायची, आणि अंग गार असताना तोंडात दूध घालायचं नाही.

आता कारणं. ती कळली की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत. लोक विणीचा विचार समागमापासून सुरू करतात. फळवाघळाच्या बाबतीत तो उलट बाजूने, दुधापासून करायला हवा. मादीला सर्वांत जड जातं ते पिल्लू पोटात वाढवणं नव्हे, तर अंगावर पाजणं. पाजण्याचा भर जेव्हा शिगेला पोहोचतो आणि पिल्लू स्वतः खायला शिकतं, तेव्हा फळं आणि फुलांचा रस भरपूर हवा. समागम कधी, गर्भ किती दिवस थांबवून ठेवायचा, जन्म कधी, या तारखा त्या भरपुरीच्या महिन्यांवरून मागे मोजत ठरलेल्या असतात. अर्थात मादी मोजत नाही. ज्या माद्यांचं वेळापत्रक जुळलं त्यांची पिल्लं जगली आणि तेच वेळापत्रक पुढे चाललं.

दूध एवढं महाग का पडतं? जमिनीवरच्या सस्तन प्राण्याचं पिल्लू अर्धवट वाढीचं असतानाच चालू लागतं, आईमागे फिरतं, चार घास स्वतः खातं. वाघळाला अर्ध्या वाढीच्या पंखांवर उडताच येत नाही. उडायला हाडं जवळजवळ प्रौढाच्या लांबीची आणि टणक व्हावी लागतात, आणि तोवर ती सगळी वाढ आईच्या दुधावर होते. त्यात कॅल्शियमची अडचण मोठी. फळांत साखर असते, पण कॅल्शियम आणि प्रथिनं कमी. वड, पिंपळ, उंबर या वर्गातली फळं त्याला अपवाद. इतर बऱ्याच रानफळांपेक्षा त्यांत कॅल्शियम जास्त असतं. फळवाघळं पानंही चावतात, रस गिळतात आणि चोथ्याची गोळी थुंकतात. तरीही पाजणाऱ्या मादीच्या स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं. वाघळांना एकच पिल्लू का, या प्रश्नाचं एक भक्कम उत्तर अभ्यासक याच कॅल्शियमच्या ताणात शोधतात. दुसरं कारण उघड आहे : पिल्लू घेऊन उडायचं असतं. जन्मतः पिल्लाचं वजन मोठ्या जातींत आईच्या एकदशांशाच्या आसपास असतं, लहान जातींत पाव भागापर्यंत जातं. आखूड नाकाच्या फळवाघळाची आई पन्नासेक ग्रॅमची आणि पिल्लू अकरा ते तेरा ग्रॅमचं. अशी दोन पिल्लं घेऊन तिने कसं उडायचं?

आता वेळापत्रकं. भारतीय उपखंडातलं मोठं वाघूळ, टेरोपस मीडियस (जुन्या पुस्तकांत टेरोपस जायगँटियस), साधारण जुलै ते ऑक्टोबरात समागम करतं. गर्भकाळ १४० ते १५० दिवसांचा. पिल्लं फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत जन्मतात. प्रदेशानुसार हे महिनाभर पुढेमागे होतं, म्हणून दुसऱ्या ठिकाणची तारीख जशीच्या तशी आपल्या झाडाला लावू नये. ऑस्ट्रेलियातलं राखाडी डोक्याचं वाघूळ मार्च-एप्रिलमध्ये गाभण राहतं आणि तिकडच्या वसंतात, सप्टेंबर ते नोव्हेंबरात वितं. त्याच खंडातलं छोटं तांबडं वाघूळ मात्र बरोबर उलट, एप्रिल-मेमध्ये वितं. आकाश तेच, दिवस-रात्रीची लांबी तीच, तरी वेळापत्रक सहा महिन्यांनी वेगळं, कारण ते वेगळ्या फुलोऱ्यांमागे भटकतं.

आखूड नाकाचं फळवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स, भारतात फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा आणि जून-जुलैमध्ये पुन्हा वितं. यातली गंमत अशी की पहिल्या वेतानंतर मादी काही दिवसांतच माजावर येते. म्हणजे एक पिल्लू अंगावर पीत असताना दुसऱ्याचा गर्भ राहिलेला असतो. दुसऱ्या वेतानंतर तसं होत नाही. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबते. वर्षाला दोन पिल्लं हा या घराण्यातला जवळजवळ कमाल वेग आहे.

हिशेब जुळवण्याच्या युक्त्या तर थक्क करणाऱ्या आहेत. आफ्रिकेतल्या पिवळट फळवाघळात, आयडोलॉन हेल्व्हममध्ये, समागम एप्रिल ते जूनमध्ये होतो, पण फलित बीज गर्भाशयाच्या भिंतीत रुजतं ते थेट ऑक्टोबरात, आणि पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. युगांडातल्या माद्यांवरचं हे काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. फिलिपीन्समधलं हॅप्लोनिक्टेरिस फिशेरी हे जेमतेम वीस ग्रॅमचं वाघूळ. त्यात बीज रुजतं वेळेवर, पण रुजल्यावर गर्भाची वाढ कित्येक महिने जवळपास थांबते. एकूण गर्भकाळ अकरा महिन्यांच्या घरात जातो. किलोभराचं मोठं वाघूळ पाच महिन्यांत मोकळं होतं आणि वीस ग्रॅमचं अकरा महिने गाभण राहतं, हे आकारावरून कधीच समजलं नसतं. आखूड नाकाच्या वाघळातही हिवाळ्यातल्या गर्भाची वाढ काही काळ मंदावते, त्यामुळे तो वेत उन्हाळ्यातल्या वेतापेक्षा लांबतो. पाळीव जागेत किंवा अभ्यासासाठी माद्या ठेवणाऱ्यांनी म्हणूनच समागमाच्या तारखेवरून विण्याची तारीख काढू नये. त्या जातीत थांबा आहे का, हे आधी पाहावं.

समागमाबद्दल थोडक्यात. मोठ्या वाघळांत हंगामाआधी काही आठवडे नरांचे वृषण फुगतात, खांद्या-मानेवरच्या ग्रंथींचा उग्र वास येऊ लागतो, आणि नर फांदीचा ठरावीक तुकडा मान घासून आपला करून टाकतात. दुपारी झाडावर जो कलकलाट आणि पंखांची मारामारी दिसते ती बहुतेकदा या जागांवरून. आखूड नाकाचा नर वेली किंवा भेरली माडाचे घोस आतून कुरतडून घंटेसारखी पोकळी तयार करतो. हा तंबू बनवायला त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि तो असेल तरच त्याच्याभोवती माद्यांचा घोळका जमतो. आफ्रिकेतल्या हातोडातोंड्या वाघळात नर नदीकाठच्या झाडांवर रांगेने बसून भोंग्यासारखा आवाज काढतात आणि माद्या त्यातून निवड करतात. गॅबॉनमधल्या अभ्यासात एका हंगामात ६ टक्के नरांच्या वाट्याला ७९ टक्के समागम आले होते. या सगळ्यात नराचा वाटा गर्भ राहिला की संपतो. पिल्लाला पाजणं, वाहणं, शिकवणं हे आईचं एकटीचं काम. नरालाही दूध येतं का, असं विचारणाऱ्यांसाठी : मलेशियात १९९२ मध्ये पकडलेल्या डायाक फळवाघळांच्या नरांत खरोखर थोडं दूध आढळलं आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्धही झालं, पण नर पिल्लाला पाजताना कोणी पाहिलेला नाही.

मादी गाभण आहे की नाही हे झाडाखालून सांगता येत नाही. निम्मे दिवस जाईपर्यंत पोट हाताला लागतच नाही. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पोटाचा घेर दिसतो, मादी जड उडते, फांदीवर उतरताना दोनदा प्रयत्न करते. परवानगी असलेले अभ्यासक मादी हातात घेतात तेव्हा तिचा इतिहास काखेजवळच्या आचळावर वाचता येतो. कधीच न व्यालेल्या मादीचं आचळ बारीक, केसांत लपलेलं. व्यालेल्या मादीचं लांबट, काळपट. पाजणाऱ्या मादीच्या आचळाभोवतीचे केस पिल्लाच्या चोखण्याने झडलेले असतात आणि हलकं दाबलं की दूध येतं. हंगाम संपल्यावर दूध आटतं, केस परत येऊ लागतात, आचळ मात्र लांबच राहतं. पिल्लू आहे की प्रौढ, हे बोटांच्या सांध्यांवरून ठरवतात. पंख पसरून मागून उजेड धरला की लहान पिल्लाच्या बोटांच्या सांध्यांपाशी अजून हाड न झालेल्या कूर्चेची फिकट पट्टी दिसते. प्रौढात ती भरलेली असते आणि सांधा गाठीसारखा गोल लागतो. वजनापेक्षा ही खूण भरवशाची, कारण वजन पोट भरलं की बदलतं. आणखी एक सावधगिरी : रुसेटस लेशेनॉल्टी या जातीत माणसासारखी मासिक पाळी नोंदवली आहे, तेव्हा पिंजऱ्यात रक्ताचा डाग दिसला म्हणजे गर्भ गेलाच असं समजू नये.

जन्म बहुधा दिवसा, वसाहतीतच होतो. मादी घोळक्यापासून थोडी बाजूला सरकते, वारंवार मागची बाजू चाटते, कळा येताना पंख आवळते. बऱ्याच माद्या विताना नेहमीची उलटी स्थिती सोडून अंगठ्यांच्या नखांनी फांदी धरतात, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली, आणि पंखांची झोळी करून पिल्लू झेलतात. ही स्थिती किती महत्त्वाची आहे हे रॉड्रिग्स बेटावरच्या वाघळांच्या एका बंदिस्त समूहात दिसलं. तिथे एका मादीचं विणं अडलं होतं. ती उलटीच लटकून राहिली होती. दुसरी, नात्याने तिची कोणी नसलेली मादी तिच्यासमोर आली, स्वतः पाय खाली सोडून ती स्थिती घेऊन दाखवू लागली, तिची मागची बाजू चाटली, तिला पंखांत घेतलं, आणि पिल्लू बाहेर आल्यावर ते चाटून आचळाकडे सरकवायलाही हातभार लावला. हे निरीक्षण १९९४ मध्ये छापून आलं. एका नोंदीवरून सगळ्या वाघळिणी सुईणी असतात असं म्हणू नये, पण अशी नोंद आहे, आणि ती बारकाईने केलेली आहे.

पिल्लू बाहेर आल्यावर आई ते चाटते, आणि पिल्लू स्वतःच्या अंगठ्या-पायांनी तिच्या केसांना धरून काखेकडे सरकतं. वार काही वेळाने पडते. कधी ती नाळेसकट पिल्लाला लोंबत राहते, मग आई ती चावून तोडते किंवा खाते. टेरोपसचं पिल्लू डोळे उघडे असलेलं, पाठीवर केस आणि पोटाकडून उघडं असं जन्मतं. इजिप्तच्या रुसेटसच्या पिल्लाचे डोळे मात्र नवव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. सगळ्यांत एक गोष्ट सारखी : दुधाचे दात. ते बारीक आणि मागे वळलेले असतात, चावण्यासाठी नसून आचळ पकडून ठेवण्यासाठी असतात. आई उडत असते तेव्हा पिल्लू तिच्या छातीवर आडवं असतं, तोंडात एका काखेचं आचळ आणि पायांची नखं दुसऱ्या बाजूला कमरेजवळच्या केसांत रुतलेली. पोटावर केस का नसतात याचं उत्तर याच चित्रात आहे. आईच्या अंगाची ऊब थेट कातडीला मिळते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःचं अंग उबदार ठेवताच येत नाही.

तीन आठवड्यांनंतर पिल्लू जड होतं आणि केसाळही. आता आई रात्री त्याला वसाहतीत इतर पिल्लांबरोबर लटकवून चरायला जाते. पहाटे परतली की ती आपलं पिल्लू आवाजाने आणि मग वासाने ओळखते. दुसऱ्याचं पिल्लू आचळाला लागू पाहिलं तर झटकते. रुसेटसच्या माद्या याहून हुशार काही करतात. तेल अवीव भागात आई-पिल्लांना माग काढणारी उपकरणं लावून केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की पहिले तीन आठवडे आई पिल्लू घेऊनच चरते, तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात ती त्याला वाटेतल्या ठरावीक झाडावर सोडते आणि अधूनमधून परत येऊन पाहते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू पहिल्यांदा एकटं बाहेर पडतं तेव्हा ते याच झाडांकडे जातं. आईच्या छातीला उलटं लटकून केलेल्या प्रवासातून ते वाट शिकलेलं असतं. हाताने वाढवलेल्या पिल्लांच्या बाबतीत नेमकं हेच शिक्षण बुडतं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

वयात येण्याचा वेग जातीगणिक फार वेगळा. आखूड नाकाची मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते, तिच्या नराला मात्र सव्वा ते दीड वर्षाहून जास्त लागतं. मोठ्या वाघळांच्या माद्या साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा वितात. आयुष्य लांब असतं. बंदिस्त जागेत भारतीय मोठं वाघूळ तीस वर्षांच्या पुढे जगल्याची नोंद आहे. पण निसर्गात तेवढं जगणारी थोडीच. वर्षाला एक पिल्लू, त्यातली बरीच पहिल्याच वर्षी जातात, म्हणून मोठ्या माद्या एकदा मेल्या की ती संख्या भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

काय बिघडतं? सर्वांत मोठा धोका उन्हाचा. हवा ४२ अंशांच्या पुढे गेली की मोठी वाघळं मरू लागतात. क्रम ठरलेला असतो : आधी पंखांनी वारा घेतात, मग सावलीकडे सरकतात, मग धापा टाकत पंखांवर लाळ फासतात, शेवटी खोडाला चिकटून घोळके करत खाली उतरतात. ही शेवटची पायरी दिसली की वेळ फार थोडा उरलेला असतो. १२ जानेवारी २००२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये एका दिवसात साडेतीन हजारांहून अधिक वाघळं मेली, आणि त्यात पिल्लं व मोठ्या माद्या नरांपेक्षा जास्त होत्या. पाजणारी मादी आधीच शरीरातलं पाणी दुधात घालवत असते, पिल्लाला तर पर्यायच नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये क्वीन्सलँडच्या उत्तरेत चष्मेवाल्या वाघळांची सुमारे २३ हजार संख्या अशाच लाटेत गेली. ती त्या जातीच्या तिथल्या संख्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. विणीचा हंगाम उन्हाळ्यात येणाऱ्या सगळ्या प्रदेशांना हे लागू आहे. वसाहतीच्या झाडाजवळ पाणवठा असणं आणि खालची झुडपं शाबूत असणं याने खरा फरक पडतो. अशा कडक उन्हाच्या दिवशी झाडाखाली गर्दी करून वाघळं उडवली तर आणखी मरतात, कारण उडण्याने अंग आणखी तापतं.

दुसरा धोका माणसाच्या धांदलीचा. गर्भाच्या शेवटच्या महिन्यात वसाहत उठवली, फांद्या छाटल्या, फटाके लावले, तर माद्या गाभडतात किंवा अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकतात. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना वसाहत उठवली तर आई उडून जाते आणि तिच्याबरोबर जाण्याइतकं हलकं नसलेलं, स्वतः उडण्याइतकं मोठं नसलेलं पिल्लू तिथेच राहतं. या टप्प्यातलं नुकसान सर्वांत जास्त. झाड छाटायचंच असेल तर सगळी पिल्लं उडू लागल्यावर आणि पुढचा समागमाचा हंगाम सुरू होण्याआधी.

रोगांचा विषयही विणीशी जोडलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. युगांडात इजिप्तची रुसेटस वर्षातून दोनदा वितात, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात माणसात जीवघेणा ताप आणणाऱ्या मारबर्ग विषाणूचा संसर्ग सहा महिन्यांच्या आसपासच्या पिल्लांत वर्षातून दोनदा वाढताना दिसला. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरल्यावरचा हा काळ. माणसांतल्या बऱ्याच घटना याच दोन हंगामांत पडलेल्या आढळल्या. म्हणून वाघळांच्या गुहेत, विशेषतः पिल्लांच्या काळात, जाऊ नये. म्हणून वाघळं मारावीत असं मात्र नव्हे. मारल्याने जागा रिकामी होते, तिथे नवी, संसर्ग न झालेली वाघळं येतात आणि प्रश्न वाढतो.

आता पडलेलं पिल्लू. पहिली गोष्ट हाताची. वाघळांमधून रेबीज किंवा त्याच्या वर्गातले विषाणू, आणि टेरोपसकडून निपाहसारखे विषाणू माणसापर्यंत पोहोचू शकतात. घाबरलेलं पिल्लू चावतं, आणि त्याचे दात वळलेले असल्याने लगेच सुटत नाहीत. जाड टॉवेल आणि चामड्याचे हातमोजे घ्या. लहान मुलं, कुत्री-मांजरं दूर ठेवा. चावलं किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; जखम किती बारीक आहे याला महत्त्व नाही. रेबीजची लस आधी घेतलेल्या माणसांनीच वाघळं हाताळायची असतात. त्यामुळे वन विभागाला किंवा वन्यजीव बचाव केंद्राला कळवणं हे पहिल्या मिनिटाचं काम. पुढचं सगळं ते येईपर्यंतचं, किंवा त्यांच्या सांगण्यावरून करायचं.

जवळपास आई मेलेली आहे का ते पाहा. असेल आणि पिल्लू तिच्या आचळाला धरून असेल तर ओढून काढू नका. दात आणि टाळू दुखावतात. दोघांना तसंच टॉवेलात घेऊन पेटीत ठेवा, जाणकार माणूस पिल्लू सोडवेल. आई वर जिवंत असेल, पिल्लाला जखम नसेल आणि त्याला केस आले असतील, तर खरबरीत खोडावर, मुंग्या नसलेल्या जागी, कापडाने उंच लटकवून संध्याकाळपर्यंत दुरून लक्ष ठेवता येतं. त्याच्या हाकेने आई येऊ शकते. केस नसलेल्या पिल्लावर हा प्रयोग लांबवू नये. तासाभरात ते गार पडतं.

पेटीत घेतल्यावर आधी ऊब. आजूबाजूची हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास हवी. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर ते सरकू शकेल. पाय आणि पंखांची टोकं हाताला गार लागत असतील तर पाजायला अजून वेळ आहे, थांबा. गार अंगाच्या पिल्लाचं आतडं चालत नाही. त्यात घातलेलं दूध पोटात नासतं. हीच चूक सर्वांत जास्त होते, दयेपोटी होते, आणि पिल्लं तिनेच दगावतात. नाळेला वार लोंबत असेल तर ओढू नये, त्याने बेंबीपाशी आतडं उतरतं. अंगापासून दीड-दोन सेंटिमीटरवर स्वच्छ दोऱ्याने बांधून पलीकडे कापायची.

अंग उबदार झालं की पहिलं पेय दूध नव्हे, कोमट जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, ड्रॉपरने थेंब थेंब. पिल्लाला पाठीवर झोपवून कधीच पाजू नये. त्याला कापडाच्या गुंडाळीवर पोटाशी धरून, डोकं किंचित खाली असेल असं ठेवा. नाकातून पेय परत आलं तर थांबा, पुसा, धार कमी करा. फुप्फुसात गेलेला एक थेंब दोन दिवसांनी न्यूमोनिया होऊन जिवावर उठतो. कापडाची गुंडाळी आणि चोखायला छोटं रबरी बोंडं हे लाड नव्हेत. निसर्गात हे पिल्लू जवळजवळ सतत काहीतरी तोंडात धरून आणि कशाला तरी मिठी मारून असतं. तसं काही मिळालं नाही तर ते स्वतःचा अंगठा आणि पंख चोखून जखमा करून घेतं.

दूध कोणतं, हे सांभाळणाऱ्या केंद्राने ठरवावं. एक तत्त्व लक्षात ठेवा : फळवाघळाचं दूध पातळ, चरबी कमी आणि साखर जास्त असलेलं असतं, कीटक खाणाऱ्या वाघळांसारखं दाट नसतं. म्हणून साय, कंडेन्स्ड मिल्क, कुत्र्या-मांजरांचं दाट दूध यांनी हगवण लागते. प्रमाण दिवसाला वजनाच्या २० ते २५ टक्के. ८० ग्रॅमच्या पिल्लाला चोवीस तासांत १६ ते २० मिलिलिटर, पाच वेळांत वाटून, म्हणजे एका वेळी तीन ते चार. रोज एकाच वेळी, पाजण्याआधी, वजन घ्या. एक दिवस वजन स्थिर राहिलं तर घाई नको. दोन दिवस घटलं तर दूध वाढवण्याआधी ऊब आणि हगवण तपासा.

आणि हाताने वाढवलेल्या पिल्लाला एकटं वाढवू नका. आईने वाटा दाखवायच्या त्या वयात ते पेटीत असतं, म्हणून निदान बरोबरीच्या पिल्लांसोबत असायला हवं. दहा आठवड्यांपासून मऊ फळाचे तुकडे टांगायचे, ताटलीत ठेवायचे नाहीत. मोठ्या उडण्याच्या पिंजऱ्यात पंखांत जोर येऊ द्यायचा. माणसाचा हात लागणं आठवड्यागणिक कमी करायचं. मग वसाहतीजवळच्या पिंजऱ्यात गटाने ठेवून दार उघडं करायचं आणि काही आठवडे तिथेच खाणं टांगत राहायचं. पहिल्या रात्री सगळी जातात असं होत नाही. काही परत येतात, खातात, पुन्हा जातात. ती यायची थांबेपर्यंत खाणं चालू ठेवावं.